क्रोधाचा उपशम आणि मैत्रीभावना : ‘विसुद्धिमग्गा’च्या नवव्या परिच्छेदाचा विचार

क्रोध अनिष्ट आहे हे पटवून देण्यासाठी ग्रंथप्रामाण्याची फारशी गरज पडत नाही. क्रोध ओसरल्यावर ज्याला तो आला होता त्यालाही ते पटलेले असते. खरी अडचण यापुढे सुरू होते. पटलेले असूनही मन त्याच माणसाकडे, त्याच शब्दांकडे आणि त्याच प्रसंगाकडे पुनःपुन्हा वळत राहते, आणि ‘क्षमा करावी’ हा उपदेश त्या वेळी कानांवरून निघून जातो. अशा कठीण झालेल्या चित्तास मृदू कसे करावयाचे, आणि पहिला उपाय फसला तर दुसरा कोणता, या प्रश्नाचे अत्यंत तपशीलवार उत्तर आचार्य बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या नवव्या परिच्छेदात, म्हणजे ब्रह्मविहारनिद्देसात, आढळते. इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिंहलद्वीपातील अनुराधपूर येथील महाविहारात रचला गेलेला हा ग्रंथ तेवीस परिच्छेदांचा आहे. त्याचा नववा परिच्छेद क्रोधाच्या दृष्टीने स्वतंत्रपणे वाचला जावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठी अभ्यासकास हा ग्रंथ परका नाही. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी सिंहलद्वीपात जाऊन विद्योदय विहारात सुमंगलाचार्यांपाशी पालीचे अध्ययन केले, आणि पुढे आयुष्याचा मोठा भाग याच ग्रंथाच्या संशोधनात घालविला. त्यांनी सिद्ध केलेली देवनागरी प्रत भारतीय विद्या भवनाने १९४० साली मुंबईत प्रसिद्ध केली. हार्वर्ड प्राच्यविद्या ग्रंथमालेतील प्रत मात्र १९५० साली बाहेर पडली. तिचे काम सुरू करणारे हेन्री क्लार्क वॉरन १८९९ मध्येच निवर्तले होते व ते पुरे करणारे कोसंबी १९४७ मध्ये. दोघांपैकी एकालाही ते पुस्तक छापील रूपात पाहता आले नाही. पुण्यात पु. वि. बापट यांनी १९३७ साली ‘विमुत्तिमग्ग’ आणि ‘विसुद्धिमग्ग’ यांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला, तोही जिज्ञासूंनी अवश्य पाहावा.

बुद्धघोषांनी चाळीस कर्मस्थाने, म्हणजे ध्यानाचे विषय, सांगितली आहेत आणि ती सरसकट सर्वांस लागू केलेली नाहीत. तिसऱ्या परिच्छेदात त्यांनी माणसांच्या सहा प्रकृती कल्पिल्या आहेत. त्यांपैकी द्वेषप्रधान प्रकृतीच्या साधकास मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा हे चार ब्रह्मविहार आणि निळा, पिवळा, तांबडा व पांढरा ही चार वर्णकसिणे अनुकूल होत, असे ते म्हणतात. म्हणजे मैत्रीभावना हे रागीट माणसाचे औषध आहे. परंतु औषध घेण्याचा क्रम चुकला तर तेच बाधते, हा या परिच्छेदाचा गाभा होय, आणि आजकाल मैत्रीभावनेविषयी जे पुष्कळ लिहिले व बोलले जाते त्यात नेमका हाच भाग गळून पडतो.

क्रम असा. साधकाने प्रारंभी द्वेषातील दोष व क्षांतीतील गुण यांचे अवलोकन करावे. कारण जो दोष दिसला नाही तो सोडता येत नाही, आणि जो गुण कळला नाही तो मिळविता येत नाही. त्यानंतर भावनेस आरंभ करावा, पण चार प्रकारच्या व्यक्तींपासून तो करू नये : अप्रिय मनुष्य, अतिप्रिय मित्र, तटस्थ मनुष्य आणि वैरी. या निषेधाची जी कारणे दिली आहेत ती मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम ध्यानात घ्यावीत. अप्रियास प्रियाच्या जागी बसविताना मन थकते. अतिप्रिय मित्रास तटस्थाच्या जागी ठेवतानाही ते थकते, कारण त्याला थोडेसे दुःख झाले तरी रडू कोसळते. तटस्थास आदरणीय मानणे जड जाते. आणि वैऱ्याचे तर स्मरण झाले की क्रोधच उठतो. चारही ठिकाणी आक्षेप एकच आहे. चित्ताला त्याच्या स्वाभाविक स्थितीपासून एकदम फार दूर ओढले, तर ते मृदू न होता शिणते.

तेव्हा आरंभ स्वतःपासून. आपण वैररहित असावे, पीडारहित असावे, सुखाने असावे, अशी भावना साधकाने प्रथम स्वतःविषयी करावी. येथे एक मोठा गैरसमज होण्याचा संभव आहे, व अलीकडच्या लोकप्रिय विवेचनांतून तो झालेलाही आहे. स्वतःवरची मैत्री हे या साधनेचे साध्य नव्हे. शंभर काय, हजार वर्षे ही भावना केवळ स्वतःवर केली तरी तिच्यापासून अर्पणा-समाधी लाभणार नाही, असे ग्रंथकार स्पष्ट बजावतात. स्वतःस प्रथम घ्यावयाचे ते साक्षी म्हणून. मला सुख हवे आहे, दुःखाची भीती वाटते, जगावेसे वाटते. तसेच इतरांचे आहे, हे कळण्यास जवळचा पुरावा आपलाच असतो. साक्षीदाराची साक्ष झाली की खटला पुढे चालावयाचा असतो. साक्षीदाराभोवतीच घुटमळत राहावयाचे नसते.

यानंतर आचार्य किंवा उपाध्याय यांसारखी प्रिय व आदरणीय व्यक्ती घ्यावी. तिचे दान, तिचे प्रिय भाषण, तिचे शील व विद्या आठवून भावना करावी. मग अतिप्रिय मित्र, मग तटस्थ, आणि अगदी शेवटी वैरी. प्रत्येक पायरीवर चित्त मृदू व कार्यक्षम झाल्याखेरीज पुढची पायरी चढावयाची नाही. बुद्धघोषांची एक सूचना मला फार मार्मिक वाटते. ज्याला कोणी वैरीच नाही, किंवा अपकार झाला तरी ज्याला समोरचा मनुष्य वैरी वाटतच नाही, त्याने साधनेच्या पूर्ततेसाठी वैरी शोधण्याच्या भरीस पडू नये. ही पायरी ज्याला वैरी आहे त्याच्यासाठी आहे.

क्रम मोडल्याचे परिणाम दोन छोट्या कथांत सांगितले आहेत. एका तरुण भिक्षूने आपल्या आचार्यांवर मैत्रीभावना आरंभिली, पण काही केल्या ध्यान लागेना. वडील स्थविरांच्या सांगण्यावरून त्याने शोध केला, तेव्हा आचार्यांचा मृत्यू झाल्याचे कळले. मैत्री जिवंत माणसावर करावयाची असते. त्याने दुसऱ्या व्यक्तीस आलंबन केले आणि ध्यान लागले. दुसरी कथा एका अमात्यपुत्राची. ‘मैत्री कोणावर करावी?’ या त्याच्या प्रश्नास ‘प्रिय व्यक्तीवर’ असे मोघम उत्तर मिळाले. त्याला पत्नी प्रिय होती. तिच्यावर भावना करता करता तो रात्रभर भिंतीशी झुंजत राहिला. विनोदाचा अंश सोडून दिला तरी या कथेमागे एक सिद्धांत आहे. प्रत्येक ब्रह्मविहाराला एक दूरचा व एक जवळचा शत्रू असतो. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष, तो ओळखू येतो. जवळचा शत्रू राग, म्हणजे आसक्ती. तोही समोरच्यात गुणच पाहतो, म्हणून मैत्रीचा वेष घेऊन आत शिरतो. करुणेचा दूरचा शत्रू हिंसा आणि जवळचा शत्रू शोक.

आता मुख्य प्रसंग. साधक वैऱ्यापर्यंत पोहोचला, त्याचे स्मरण केले, आणि जुना अपराध आठवून प्रतिघ उत्पन्न झाला. येथे बुद्धघोष साधकास दोष देत नाहीत. ते उपायांची एक लांब मालिकाच देतात, आणि प्रत्येक उपायापुढे ‘याने न शमल्यास’ अशी पुस्ती जोडतात. पहिला उपाय अगदी साधा : मागे फिरावे. मित्र, आचार्य, तटस्थ यांच्यावरील भावनेत पुन्हा शिरावे, चित्त मऊ करावे, आणि मग परत यावे. न जमल्यास मज्झिम निकायातील एकविसाव्या, करवतीच्या दृष्टांतामुळे ककचूपम म्हटल्या गेलेल्या सुत्ताचे स्मरण करावे. न जमल्यास वैरी आपल्याविषयी जे इच्छितो ते आपणच पुरे करीत आहोत, याचा विचार करावा. आपण कुरूप दिसावे, आपल्याला झोप लागू नये, आपला उत्कर्ष होऊ नये, धन, यश व मित्र लाभू नयेत, मरणोत्तर दुर्गती व्हावी, अशा सात गोष्टी वैऱ्याला हव्या असतात, आणि क्रोधाने त्या साऱ्या त्याला फुकट मिळतात.

पुढचा उपाय लक्ष वळविण्याचा आहे. त्या माणसाची काया शुद्ध नसेल, पण वाणी असेल. वाणी नसेल, पण काया असेल. जे शुद्ध असेल तेवढ्याचेच स्मरण करावे. आणि ज्याचे काहीच शुद्ध नाही त्याच्यावर करुणा करावी, कारण त्याच्यापुढे काय वाढून ठेवले आहे ते दिसतेच आहे. मैत्री जेथे अडते तेथे करुणा उपयोगी पडते, हे ग्रंथातले बारीक वळण सहज नजरेतून सुटण्यासारखे आहे. त्यानंतर कर्मविचार येतो : दुसऱ्यावर फेकण्यासाठी निखारा हातात घेणाऱ्याचा हात आधी भाजतो. मग जातकांतील क्षांतिवादी, शीलव राजा, छद्दन्त हत्ती इत्यादींच्या कथा. मग अनादी संसारात हा मनुष्य कधीतरी आपली माता किंवा पिता झालेला असणार, हा विचार. मग मैत्रीच्या अकरा लाभांचे चिंतन. त्यांत सुखाची झोप प्रथम येते.

पुनर्जन्मावर विश्वास नसलेल्या वाचकाला यांतील काही उपाय लागू पडणार नाहीत, हे उघड आहे. परंतु त्यापुढचा उपाय कोणत्याही श्रद्धेची अपेक्षा ठेवीत नाही. तो धातुविभागाचा. आपण रागावलो आहो ते नेमके कशावर? त्याच्या डोक्याच्या केसांवर? नखांवर? दातांवर? त्याच्यातील पृथ्वीधातूवर की आपोधातूवर? असे पृथक्करण करीत गेले असता क्रोधाला बसावयास जागाच उरत नाही. आरीच्या टोकावर मोहरी ठरू नये, तशी त्याची गत होते. हा उपाय विश्लेषक बुद्धीच्या माणसाला मानवतो. भावनाप्रधान माणसाला तो कोरडा वाटेल, आणि म्हणूनच मालिका लांब आहे.

येथवरचे सर्व उपाय मनातले. इतक्यानेही क्रोध शमला नाही तर बुद्धघोष विचार थांबवून हाताला काम देतात. वैऱ्याला आपली एखादी वस्तू द्यावी, किंवा त्याच्याकडून घ्यावी. उदाहरण चित्तलपर्वत विहारातले आहे. एका पिंडपातिक स्थविरास तेथील ज्येष्ठ स्थविराने तीन वेळा राहत्या जागेवरून उठविले होते. त्या पिंडपातिकाने आपले आठ कार्षापण किमतीचे पात्र त्याच ज्येष्ठास दिले. पात्र आपल्या उपासिका मातेने दिलेले व न्यायाने मिळालेले आहे, तेव्हा तिला पुण्य लाभू द्यावे, असे तो म्हणाला. अशा दानाने देणाऱ्याचा आघात शमतो, आणि घेणाऱ्याचा मागील जन्मापासून चालत आलेला क्रोधही त्याच क्षणी शमतो, असे ग्रंथकारांचे म्हणणे आहे. ‘मी तुला क्षमा केली’ असे शब्द या भिक्षूने उच्चारलेले नाहीत. त्या शब्दांनी समोरच्याला अपराधी ठरविले असते. त्याने आईचे नाव मध्ये घातले, त्यामुळे घेणाऱ्याला ते पात्र घेणे सोपे गेले.

या साधनेस आज पुष्कळदा ‘हृदयकेंद्रित’ असे विशेषण लावतात, आणि छातीच्या मध्यावर अवधान ठेवून, तेथे श्वास येत-जात आहे अशी कल्पना करून मैत्री करण्यास सांगतात. हे बुद्धघोषांचे नव्हे, एवढे अभ्यासकाने स्पष्ट जाणून असावे. आनापानस्मृतीत ते अवधानाचे स्थान नाकाचे टोक किंवा वरचा ओठ असे नेमके सांगतात; मैत्रीभावनेसाठी शरीरातील कोणतेही स्थान सांगत नाहीत. हृदयाविषयी त्यांची कल्पना वेगळ्याच संदर्भात, आठव्या परिच्छेदातील शरीरवर्णनात, येते. हृदयाच्या पोकळीत अर्धी पसा रक्त असते व त्याच्या आश्रयाने मन प्रवर्तते. ते रक्त रागप्रकृतीच्या माणसाचे तांबडे, द्वेषप्रकृतीच्या माणसाचे काळे आणि प्रज्ञावानाचे स्वच्छ असते, असे ते म्हणतात. शरीरशास्त्र म्हणून आज याला किंमत नाही. तरीही क्रोध छातीत दाटून येतो हा अनुभव सार्वत्रिक असल्यामुळे तेथे अवधान ठेवून तो वेळीच ओळखण्यास माझ्या मते हरकत नसावी. फक्त दोन कर्मस्थानांचा हा अर्वाचीन संयोग आहे हे विसरू नये.

प्रयोगशास्त्राचा कल या बाबतीत काय आहे ते थोडक्यात पाहू. अमेरिकेत ब्रॅड बुशमन यांनी ६०० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. चिडविणाऱ्या व्यक्तीचे चिंतन करीत गुद्दे मारण्याच्या पिशवीवर राग काढणाऱ्यांचा राग उतरला नाही. उलट तेच अधिक संतप्त व आक्रमक आढळले, आणि नुसते स्वस्थ बसलेल्यांत आक्रमकता सर्वांत कमी दिसली. ‘राग बाहेर काढला की निचरा होतो’ ही आपल्याकडेही रूढ झालेली समजूत त्यामुळे डळमळीत होते, आणि वैऱ्याच्या स्मरणाने क्रोध उठला की मागे फिरावे, या बुद्धघोषांच्या पहिल्या उपायास अप्रत्यक्ष पाठबळ मिळते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील हचरसन, सेपाला व ग्रॉस यांनी २००८ साली काही मिनिटांच्या मैत्रीभावनेनेही अपरिचितांविषयी आपुलकी वाढते असे दाखविले. अपरिचित म्हणजे बुद्धघोषांचा तटस्थ. वैऱ्यापर्यंत हा प्रयोग जात नाही. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते क्लिमेकी, झिंगर व त्यांचे सहकारी यांचे २०१४ चे संशोधन. दुसऱ्याचे दुःख आपल्यात उतरवून घेण्याचे शिक्षण आणि करुणेचे शिक्षण यांचे परिणाम त्यात भिन्न आढळले. पहिल्याने नकारात्मक भावना वाढल्या, दुसऱ्याने त्या ओसरून सकारात्मक भावना वाढल्या. शोक हा करुणेचा जवळचा शत्रू, या जुन्या भेदाशी हे किती जुळते ते सांगावयास नको.

परंतु एक आक्षेप या सर्वांहून गंभीर आहे. ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला आहे त्याला राग मृदू करावयास सांगणे म्हणजे अन्याय सोसावयास सांगणे नव्हे काय? चित्तलपर्वताच्या कथेत ज्येष्ठाचे वर्तन योग्य नव्हतेच, आणि त्या भिक्षूला जागा परत मिळाली की नाही याविषयी ग्रंथ मौन पाळतो. महाराष्ट्रात हा प्रश्न निव्वळ पांडित्याचा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांस ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत सर्व प्राणिमात्रांविषयी दयेची प्रतिज्ञा आहे, आणि जुन्या विषमतेच्या त्यागाच्याही प्रतिज्ञा आहेत. त्यांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्धविषयक ग्रंथात करुणा माणसांपुरती व मैत्री सर्व प्राणिमात्रांसाठी, असे सांगून मैत्रीला करुणेच्या पुढचे स्थान दिले आहे. शतकानुशतके अपमान सोसलेल्या समाजाला मैत्री शिकविणारा हा मनुष्य अन्याय मुकाट्याने सोसा असे शिकवीत नव्हता, हे सांगण्याची गरज नाही. मग दोन्ही गोष्टी एकत्र कशा नांदतात?

पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात याच चार भावना घेतल्या आहेत, पण त्यांची वाटणी केली आहे : सुखी जनांविषयी मैत्री, दुःखितांविषयी करुणा, पुण्यवंतांविषयी मुदिता आणि अपुण्यवंतांविषयी उपेक्षा. म्हणजे अपराध्याच्या वाट्याला उपेक्षा आली. ही वाटणी व्यवहारी आहे व तिने साधकाची शांती राखली जाते. बुद्धघोष मात्र चारही भावना सर्वांवर, वैऱ्यावरही, करावयास सांगतात. त्यामुळे अन्यायाचा प्रश्न पतंजलींपेक्षा त्यांनाच अधिक भेडसावावयास हवा. उपर्युक्त ककचूपम सुत्तातच वेदेहिका नावाच्या गृहिणीची कथा आहे. ती शांत व प्रेमळ म्हणून गाजलेली. तिची दासी काली हिने, हा सौम्यपणा खरा की आपल्या चोख कामामुळे टिकलेला, हे पाहण्यासाठी मुद्दाम उशिरा उठावयास सुरुवात केली. शेवटी मालकिणीने दाराच्या अडसराने तिचे डोके फोडले. काली रक्ताळलेल्या डोक्याने बाहेर जाऊन शेजाऱ्यांना ते दाखविते. सुत्तात तिला त्याबद्दल कोणी दोष देत नाही. कसोटी लागते ती सत्ता हाती असलेल्या बाईच्या मृदुतेची.

अखेरच्या पायरीस बुद्धघोष सीमासंभेद म्हणतात. आपण, प्रिय, तटस्थ व वैरी यांमधील सीमा मोडणे. तिची परीक्षा ते एका प्रसंगाने घेतात. साधक, त्याचा प्रिय, तटस्थ आणि वैरी असे चौघे बसले आहेत. दरोडेखोर येऊन बळी देण्यासाठी एक भिक्षू मागतात. ‘अमक्याला न्या’ असे साधकाच्या मनात आले तर सीमा मोडलेली नाही. येथवर कोणीही अपेक्षील. पण ‘मला न्या, या तिघांना सोडा’ असे मनात आले, तरीही सीमा मोडलेली नाही, असे बुद्धघोष म्हणतात. कारण ज्याला नेले जावे असे वाटले त्याचे अहितच त्याने इच्छिले, मग तो स्वतः का असेना. चौघांपैकी द्यावयाचा असा एकही जेव्हा दिसत नाही, तेव्हाच मैत्री सम झाली. आरंभी साक्षी म्हणून बोलावलेला ‘स्व’ येथे पुन्हा समोर येतो. वैऱ्याच्या सुखासाठी त्याला बाजूला सारण्याची मुभा साधकाला नाही. तो बाकीच्या तिघांइतकाच, त्याच ओळीत, बसलेला आहे.